कुसळ कुणाच्या पायात?

कॅम्पसवर सध्या सुशोभीकरणाचा हंगाम चालू आहे. मेन बिल्डिंगसमोर फाउंटन ग्रास लागलं, लायब्ररीच्या कोपऱ्यावर पाम्पास आलं आणि कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू झाली की, "ही विदेशी गवतं विषारी असतात म्हणे! वॉचमनकाकांच्या राणीने खाल्लं तर?" (राणी कोण, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. भटक्या कुत्र्यांचा वाद वेगळा, तो इथे काढत नाही.)

माझं स्पष्ट मत असं की आपण भलत्यालाच आरोपी केलंय. ही दोन्ही गवतं विषारी नाहीत. कुत्री गवत खातात, कधी ओकतात आणि पुन्हा शेपूट हलवत फिरतात. उलट सबमिशनच्या रात्री आपण ज्याचा चहा ढोसतो, तो गवती चहाच अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या यादीत कुत्र्यांना बाधणारा म्हणून नोंदलाय! अर्थात तिथेही तक्रार पोट बिघडण्याचीच आहे.

गवताचा खरा धोका केमिस्ट्रीत नाही, मेकॅनिक्समध्ये आहे. ग्राउंडमागच्या माळावरची कुसळी घ्या. बी सुईसारखं टोकदार आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस. म्हणजे पुढे सरकता येतं, मागे येता येत नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमचं रॅचेट! वरचं लांब कुसळ ओलाव्याने उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि त्या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत ड्रिल करतं. जमिनीऐवजी कुत्र्याच्या बोटांची बेचकी मिळाली तर तिथे घुसतं. कानात जातं, नाकातही जातं. एक्स-रेत ते सहसा दिसत नाही. मग गळू होतं, फुटतं, परत होतं.

गेल्या नोव्हेंबरात राणी तीन पायांवर लंगडत होती. डॉक्टरांनी भूल देऊन कुसळ काढलं, बिल काकांच्या पगारातून गेलं. तेव्हा कॅन्टीनमध्ये कुणी चर्चा केली नाही. कुसळी पडली अस्सल देशी!

पाम्पासच्या पानांच्या कडा मात्र करवतीसारख्या असतात, ते पायवाटेला खेटून नको. पण खरं विष त्याच्या शेजारच्या कुंडीत ऐटीत उभं आहे. सायकस! लोक त्याला पाम म्हणतात, तो पाम नाही. त्याचे सगळेच भाग कुत्र्याला विषारी, बी सर्वांत जास्त. यकृत निकामी होऊन कुत्रं दगावू शकतं. गेटजवळची कण्हेर हृदयावर घाला घालते. या दोघांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण त्यांना फोटोत बघायची आपल्याला सवय झाली आहे.

तेव्हा नवी गवतं उपटायची काही गरज नाही. सायकसची कुंडी वाटेवरून उचलून कुलूपबंद गच्चीवर न्या. कुसळी तुरे धरताच, बी पिकायच्या आत कापा. एनएसएसचे दोन रविवार पुरतील. "तणनाशक मारून मोकळे होऊ" असं कुणी सुचवेल, त्याला माझा विरोध आहे. फवारलेल्या ओल्या गवतातून कुत्रं चालतं आणि नंतर पाय चाटतं.

माळ अजून हिरवा आहे. विळे वर्कशॉपमागच्या शेडमध्ये आहेत, किल्ली वॉचमनकाकांकडे.