शिकाऊ हाताला कोणती कॉफी?

चहा पिणाऱ्या घरांत कॉफीचे येणे आता नवे राहिलेले नाही. चिंचवड, निगडी, मोशी, वाकड या भागांतील काही घरांच्या ओट्यावर एस्प्रेसोचे छोटे यंत्रही दिसू लागले आहे. चाकण-तळवड्याला नोकरीस असलेली मुले ते हौसेने आणतात आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो, यात घालायच्या बिया कोणत्या घ्याव्यात? स्वस्त घेतल्या तर चव बिघडेल ही भीती. महाग घेतल्या तर शिकताना वाया जातील ही धास्ती. उत्तर नीट सापडले नाही की कपात कधी आंबट, कधी कडूजहर पाणी उतरते, वडीलधारी मंडळी “यापेक्षा आपला चहा बरा” म्हणतात आणि यंत्र हळूहळू माळ्याची वाट धरते. ज्या यंत्रासाठी चांगली रक्कम मोजली, ते धूळ खात पडू नये, म्हणून हा विचार.

आधी एस्प्रेसो म्हणजे काय, ते पाहू. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी मोठ्या दाबाने, अगदी थोड्या वेळात काढणे म्हणजे एस्प्रेसो. हा दाब साधारण ९ बार असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे चौपट. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे. १८ ग्रॅम पूड घेतली तर २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम पेय उतरावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. पेयावर येणाऱ्या तपकिरी फेसाला ‘क्रेमा’ म्हणतात. नाव साईसारखे वाटले तरी त्यात दुधाचा अंश नसतो. बियांतील वायू आणि तेल यांचाच तो फेस.

एवढ्या दाबाखाली लहानशी चूकही मोठी होते. दळण किंचित जाड राहिले तर पाणी दहा-बारा सेकंदांत निसटते आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फार बारीक झाले तर थेंब थेंब उतरते आणि कडू, तुरट होते. म्हणून नवशिक्याने केवळ चवीची बी शोधू नये. चूक पोटात घालणारी बी शोधावी.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हे समजावून सांगणे सोपे आहे. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी महागडी मिश्रधातू देत नाहीत. त्याला साध्या माइल्ड स्टीलची पट्टी देतात आणि तीच पट्टी पुन्हा पुन्हा कानशीने घासायला लावतात. हात बसेपर्यंत धातू बदलत नाहीत. एस्प्रेसो शिकणाऱ्यालाही असेच माइल्ड स्टील हवे.

ते आपल्या शेजारच्या राज्यातच पिकते. वाकड-ताथवड्यावरून जाणारा महामार्ग ज्या कर्नाटकाकडे जातो, त्या एका राज्यात देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी होते. चिक्कमगळूरु, कोडगु आणि हासन हे तिचे प्रमुख जिल्हे. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिक्कमगळूरुच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत. पण आपल्या बाजारातील कॉफी मुख्यतः दक्षिणेतूनच येते.

बियांच्या मुख्य जाती दोन. अरेबिका सुगंधी, नाजूक आणि महाग. रोबस्टा कडसर, दाट, कॅफीन सुमारे दुप्पट आणि दराने स्वस्त. भारतात रोबस्टाच जास्त पिकते. ‘शंभर टक्के अरेबिका’ ही पाकिटावरील अक्षरे पाहून अनेकांना तेच श्रेष्ठ वाटते. एस्प्रेसोत मात्र थोड्या रोबस्टाने पेय दाट होते, क्रेमा चांगला येतो आणि दुधातही कॉफीची चव टिकते. आपल्या घरांत कॉफी बहुधा दूध-साखर घालूनच घेतली जाते. तेथे महागड्या अरेबिकाचा फुलाफळांसारखा मंद सुगंध लपून जातो. त्यासाठी मोजलेले पैसे दुधात विरघळतात. म्हणून सुरुवातीला अरेबिका-रोबस्टाचे भारतीय मिश्रण घ्यावे. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल दाणा असलेली बी. तिला अधिक दर मिळतो, पण शिकाऊ हाताला तिची गरज नाही.

भाजणी मध्यम ते थोडी गडद असावी. फिकट भाजलेली बी टणक असते. तिच्यातून चव काढायला चांगला ग्राइंडर आणि सराईत हात लागतो, नाहीतर आंबटपणा जात नाही. उलट काळीकुट्ट, तेलाने चकाकणारी बीही टाळावी. तिच्यात जळकट कडवटपणा असतो आणि तिचे तेल ग्राइंडरमध्ये साचते.

आता तारीख. धान्याची पारख असलेल्या घरांना जुन्या मालाची ओळख सांगायला नको. कॉफीच्या पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ नव्हे, तर भाजल्याची तारीख पाहावी. भाजल्यानंतर आठवडा-दीड आठवडा बीमधून वायू बाहेर पडत असतो. त्यानंतर पुढचे चार-पाच आठवडे ती एस्प्रेसोला उत्तम. ही तारीखच छापलेली नसेल, तर पाकीट कितीही स्वस्त असो, परत ठेवावे. शिळी बी कितीही बारीक दळली तरी पेयात जीव येत नाही आणि शिकणाऱ्याला वाटते, दोष आपल्याच हातात आहे.

आता पैशांचा हिशेब मांडू. पाव किलोचे पाकीट ५०० रुपयांचे धरले आणि एका खेपेस १८ ग्रॅम लागले, तर त्यात सुमारे १३ खेपा होतात. नव्या बीचे दळण जुळवण्यात चार-पाच खेपा जातात. आता दोन वेगवेगळी पाकिटे आणली, तर अर्धा किलोतील २७ खेपांपैकी दहा जुळवण्यातच गेल्या. उरलेला प्रत्येक कप जवळजवळ ५९ रुपयांना पडला. एकाच बीची दोन पाकिटे घेतली तर पाचच गेल्या आणि कप सुमारे ४५ रुपयांना पडला. दर तोच, बी तशीच. बचत झाली ती केवळ न बदलण्याने. परवडणारी बी पाकिटावरील किमतीवरून ठरत नाही. तिच्यातील किती कप खरोखर प्यायले गेले, यावरून ठरते.

आपल्या वाचकांनी लेबलावरील आणखी एक शब्द अवश्य वाचावा, तो म्हणजे चिकरी. दुकानात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांत ती मिसळलेली असते. चिकरी ही एका वनस्पतीची मुळी आहे. ती वाळवून, भाजून, दळून घालतात. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात कंदमूळ आहे की नाही, हे सांगत नाही. वाळवलेली सुंठ आणि हळद घेणारी घरे चिकरीबाबत काय ठरवतील, हा ज्याच्या त्याच्या नियमाचा प्रश्न. पण निर्णय माहितीवर व्हावा. अख्ख्या बिया घेतल्यास हा प्रश्नच उरत नाही. शिवाय चिकरीने रंग गडद येतो, त्यामुळे शिकणाऱ्याला आपली चूक कपात दिसत नाही.

बी घरीच, ऐनवेळी दळावी. घरातला मिक्सर येथे उपयोगी नाही. त्यात काही पूड पिठासारखी तर काही भरड राहते. हाताने फिरवायचा, बारीक टप्प्यांनी जुळवता येणारा ग्राइंडर पुरतो. तो नसेल तर यंत्रासोबत दुहेरी तळाची चाळणी येते का, ते पाहावे; ती दळणातील कमीअधिक सांभाळून घेते. पुडीच घ्यायची तर थोडी घ्यावी आणि लवकर संपवावी. बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात हे अधिकच गरजेचे. फ्रिजमध्ये आणि हिंग-मसाल्यांच्या फडताळात त्या ठेवू नयेत. कॉफी वास चटकन ओढून घेते.

शेवटी कारखान्यातील नियम स्वयंपाकघरातही पाळावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुडीचे वजन काट्यावर पक्के करावे, यंत्राला हात लावू नये, केवळ दळण बदलावे. आंबट आणि भरभर उतरले तर बारीक, कडू आणि रेंगाळले तर जाड. वजन, सेकंद आणि चव एका वहीत लिहावी. महिनाभर हे केले की कप रोज सारखा उतरू लागेल. मग एका मळ्याच्या अरेबिकाचे लहान पाकीट आणून तिची पहिली कॉफी बिनदुधाची घ्यावी. त्या वेळी जास्तीचे पैसे कशासाठी मोजले, हे जिभेला कळेल. आणि ते पुन्हा मोजावेत की नाही, हेही तीच ठरवील.