कोंडी दोघांची, दंड रोज शंभर

पन्नास-पन्नास टक्के भांडवलाच्या कंपन्यांबद्दल अलीकडे आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) याचिका पडून, पुढची तारीख लांब आणि एओसी-४, एमजीटी-७ चे विलंबशुल्क फॉर्ममागे रोज १०० रुपयांनी चढतेच आहे.

संचालक दोनच. एक बैठकीला फिरकत नाही, म्हणून कंपनी कायद्याच्या कलम १७४ ची गणपूर्ती नाही आणि हिशेबांना मंजुरी नाही. कलम ९७ खाली न्यायाधिकरण एका सभासदाच्या हजेरीवरही वार्षिक सभा भरवू शकते. पण त्या सभेपुढे ठेवायच्या ताळेबंदाला कलम १३४ प्रमाणे संचालक मंडळाची मंजुरी लागते, ती आणायची कुठून? लागोपाठ तीन वर्षे अशी हिशेब न भरता गेली की कलम १६४(२) खाली पाच वर्षांची अपात्रता. अडवणारा आणि विनवणारा, दोघेही एकाच मापात. त्यावर कडी कलम १६७ च्या परंतुकाची: अपात्र संचालकाचे पद इतर सुरळीत कंपन्यांतून जाते, कसूरदार कंपनीत मात्र शाबूत राहते! आरओसीकडे गेले तर उत्तर ठरलेले: न्यायाधिकरणाचा आदेश आणा. कलम ४२२ म्हणते, तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. दिवाळखोरी संहितेच्या प्रकरणांखाली दबलेल्या खंडपीठांपुढे या कलमाची आठवण काढायचीही चोरी.

आपलेही हात स्वच्छ नाहीत. कोंडी म्हणजे दडपशाही नव्हे, पण कलम २४१ मध्ये बसवण्यासाठी आपण शेकडो पाने अफरातफरीच्या आरोपांनी भरतो. समोरचाही तेवढीच भरतो. कोणी कोणाचे शेअर कोणत्या भावाने घ्यायचे, हा खरा प्रश्न शेवटच्या मागणीत कुठेतरी सापडतो. तो आधी मांडा. कलम २४२(४) खाली पहिल्याच तारखेला हिशेब मंजुरीसाठी तटस्थ संचालक आणि नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता मागा. नव्या कंपनीची नियमावली 'टेबल एफ' वरून उतरवून अशिलाला देणे आता तरी थांबवा. एकाने भाव सांगावा, दुसऱ्याने त्याच भावाने घ्यावे किंवा विकावे, एवढे एक कलम स्थापनेच्या दिवशीच घाला. तेव्हा दोघे एकमेकांशी बोलत असतात.

याचिका प्रलंबित असेपर्यंतचा काळ कलम १६४(२) च्या मोजणीतून वगळावा, असे निवेदन आम्ही कंपनी व्यवहार मंत्रालयाला देणार आहोत. पक्षकारांची नावे वगळून आपल्या प्रकरणांचे तपशील महिनाअखेरपर्यंत पाठवा. नुसत्या तक्रारीची पत्रे यापुढे छापणार नाही.