लक्ष्मीचा रस्ता

लक्ष्मीस चंचला म्हणतात. आम्हांस मात्र ती रस्ता पाहून वस्ती करणारी दिसते. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली व देशावरचा कापूस मुंबईस येणें सुकर झालें. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला होऊन यूरोपचा सागरी मार्ग आंखूड झाला. मालामागून पेढ्या व बँका वाढल्या. १८७५ सालीं दलालांनीं आपला संघ स्थापिला, तोच आजचा मुंबईचा शेअरबाजार. हें सारें बंदर व स्टेशन यांच्या हांकेवर, कोटांत! आमच्या कोंकणांतून सलग आगगाडी धांवण्यास मात्र १९९८ साल उजाडावें लागलें. तोंवर तरुण मुंबईस गेले. मागें उरले वृद्ध, मनीऑर्डरीची वाट पाहणारे. रस्ता उशिरां आला तर पैसा येत नाहीं इतकेंच नव्हे, माणसेंहि राहत नाहींत, हें वाचकांनीं ध्यानीं ठेवावें.