भाकड जनावराचा खर्च कुणाच्या नावावर?

सांगोल्याच्या किंवा काष्टीच्या बाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतं. दोनदाती, चौसा, सहादाती, जुळलेला. जुळल्यावर भाव उतरणीला लागायचा, पण शून्यावर येत नसे. शेवटचं गिऱ्हाईक खाटीक असायचं आणि त्या पैशात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा दावणीला आणायचा. मार्च 2015 पासून हे गिऱ्हाईक कायद्याने गेलं.

महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्यात कत्तलीवरची बंदी गाईपुरती होती. बैल आणि वळू पशुवैद्यकाच्या दाखल्यावर कत्तलखान्यात जात. ही बंदी बैल-वळूंपर्यंत नेणारी 1995 ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी वीस वर्षं अडली. तोवर नांगरट ट्रॅक्टरवर गेली होती, ही गोष्ट चर्चेत फारशी कुणी काढली नाही. आता बैल कापल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली; राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली.

बंदीची बाजू नुसती श्रद्धेची म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. राज्यघटनेचं 48 वं कलम तिच्या पाठीशी आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातचा तसाच कायदा बहुमताने उचलून धरला, म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो या आधारावर. शेणखताची किंमत शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको.

पण चारशे किलोच्या जनावराला दिवसाला सुमारे दहा किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचा साडेतीन टनांवर जातो. दुष्काळात कडबा मिळतच नाही, तेव्हा त्या शेणखताचा हिशेब जुळत नाही.

2024 पासून सरकार गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपये देतं. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या थकल्या बैलाला ते नाहीत आणि संकरित गाईच्या गोऱ्ह्यालाही नाहीत. दूधपट्ट्याचं खरं दुखणं हा गोऱ्हाच आहे. त्याला धड वशिंड नाही, ऊन सोसत नाही, औताला कुणी घेत नाही आणि विकायचं दूध तोच पितो. मग तो उपाशी मरतो किंवा रात्री कुणाच्या तरी शिवारात सोडला जातो. ही गोरक्षा म्हणायची का, हे बंदीच्या समर्थकांनीच सांगावं. बहुतेक कालवडीच जन्माव्यात म्हणून वापरायच्या लिंगनिश्चित वीर्यमात्रांनी असे गोऱ्हे कमी होतील. आज दावणीला असलेल्यांचं काय?

बंदी उठवली की सगळं सुरळीत होईल, असंही नाही. म्हशी-रेड्यांना दाखल्यावर परवानगी असूनही त्यांच्या गाड्या रस्त्यात अडवल्या जातात. व्यापारी ती जोखीम शेतकऱ्याच्या भावातूनच कापून घेतो.

माझा कल 1976 च्या दाखल्याच्या पद्धतीकडे आहे. आज कुठलाही मोठा पक्ष तिचं नाव काढणार नाही, हेही दिसतं. बंदी ठेवायचीच असेल तर ते 50 रुपये जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर, थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावेत, जनावर देशी असो वा संकरित. तिजोरीवर भार मोठा पडेल, पण आज तोच भार शेतकरी उचलतो आहे. बिल्ले या कानातून त्या कानात जातील, हा आक्षेप खरा आहे. तपासणी कडक हवी, आणि ती गोशाळांचीही हवी.