माळ्यावरची पायली

मंडळी, माळ्यावरची जुनी पायली मोडीत घालण्याआधी जरा थांबा.

आमच्या घरची पितळी पायली आजीची. चार शेरांचं माप. वजनाला किलो १९६२ सालीच सक्तीचा झाला, तरी शेजारपाजारचं देणंघेणं पायलीनंच चाले. १९७२ च्या दुष्काळात हंडे, घागरी विकल्या. पायली तिनं दिली नाही. म्हणाली, "दाणे येतील तेव्हा मोजू कशात?" त्या साली शेजारणीकडून उसनी ज्वारी आणली होती, सपाट मापानं. पुढं पिकल्यावर आजीनं ती शीग लावून फेडली.

तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल. त्याची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, वहीत लिहून ठेवा. पितळ पुन्हा विकत मिळेल, सांगणारं माणूस मिळणार नाही.