सात गुणांची चित्रकला

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण "सर, पोरीचा हात कसा आहे?" असं विचारणारे पालक मला बोटांवर मोजण्याइतकेही भेटले नाहीत. प्रश्न एकच : "इंटरमिजिएटला ए ग्रेड बसेल ना?"

इंटरमिजिएट म्हणजे चित्रकलेची ग्रेड परीक्षा. तिच्यातल्या ए ग्रेडला दहावीत सात वाढीव गुण, बी ला पाच, सी ला तीन. पाचशेपैकी सात म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशात तेवढ्यावर कॉलेज बदलतं, म्हणून घरात पोस्टर कलरचा डबा येतो. सरकारने हे गुण सुरू केले आणि माझा ओस वर्ग तुडुंब भरला. मी खूश झालो, हा माझा भाबडेपणा.

आम्ही मास्तरही काही धुतल्या तांदळासारखे नाही. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं आठवून काढायचं. आम्ही मुलांना एक बाई पाठ करायला दिली. विषय पावसाचा आला की तिच्या हातात छत्री, बाजाराचा आला की पिशवी, जत्रेचा आला की फुगा. बाई तीच, साडीही तीच. पोरांना ए ग्रेड मिळाली, शाळेने फलक लावला. त्या पोरांनी कधी बाजारात थांबून माणसं पाहिली का, हे ना परीक्षकाने विचारलं, ना मी.

दहावी लागली की तेच पालक ब्रश माळ्यावर टाकतात. "आता वर्षभर हे सगळं बंद!" शाळाही मागे नाही. पीटीचा तास बीजगणित गिळतं, चित्रकलेचा विज्ञान. ज्याचे गुण द्यायचे त्याचाच तास पळवायचा, असा हा कारभार. गुणांची हाव मात्र सुटत नाही. २०२४ साली राज्यात १८७ मुलांना दहावीत शंभर टक्के पडले. शंभराच्या पुढे जाता येत नाही म्हणून, नाहीतर तेही मागितलं असतं.

छंदाने मार्क घसरतात म्हणणाऱ्यांचा मला राग येतोच. पण त्याहून राग येतो तो "गाणं शिकलं की गणित सुधारतं" म्हणणाऱ्या शहाण्यांचा. गाण्याने गणिताची हमाली का करावी? कबड्डीतली चढाई चढाईसाठीच असते. दम टिकला, गडी बाद केला, संपलं. तिला मार्कांच्या तराजूत घातलं की फायद्याचं पारडं हललं नाही त्या दिवशी ती बंद होणारच. झालंही तेच.

पालकहो, सात गुण खुशाल घ्या, पोरांच्या हक्काचे आहेत. पण पुढच्या पालकसभेत टक्केवारीआधी एवढं विचारा : वेळापत्रकातला चित्रकलेचा आणि खेळाचा तास या आठवड्यात झाला का? आणि दहावीचा निकाल लागला की माळ्यावरचा डबा खाली काढून बघा. रंग वाळून दगड झालेले असतील.