सिअ‍ॅटलचा जातिविरोधी कायदा तळ्याकाठी का थांबतो?

सिअ‍ॅटलच्या सिटी कौन्सिलने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदाला बंदी घातली. अमेरिकेतल्या एखाद्या शहराने असा कायदा करण्याची ती पहिलीच वेळ. त्या रात्री आपल्या सगळ्या गटांवर जयभीमचा पाऊस पडला आणि तो पडायलाच हवा होता. ज्या देशात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, त्या देशाच्या एका शहराने शंभर वर्षांनी का होईना, 'जात' हा शब्द आपल्या कायद्यात लिहिला.

पण हा कायदा कुठपर्यंत लागू होतो, हा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही. आज तो विचारायला हवा.

उत्तर सोपे आहे. तो शहराच्या हद्दीपर्यंत लागू होतो. सिअ‍ॅटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे तळे आहे. तळ्यापलीकडे बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड ही वेगळी शहरे आहेत. मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय सिअ‍ॅटलमध्ये नाही, रेडमंडला आहे. अ‍ॅमेझॉनचे मुख्यालय सिअ‍ॅटलमध्ये आहे, पण तिची मोठी कार्यालये बेलव्ह्यूतही आहेत. आपल्याकडून गेलेली आयटीतली मुले-मुली मोठ्या संख्येने याच पूर्वेकडच्या पट्ट्यात राहतात आणि कामाला जातात. तळ्यावर तरंगते पूल आहेत. सिअ‍ॅटलच्या बाजूला वरिष्ठाने आडनाव विचारून, जेवणाचा डबा बघून, मग हळूच बढती रोखली तर शहराच्या नागरी हक्क कार्यालयात 'जात' या नावाने तक्रार करता येते. पूल ओलांडला की तोच वरिष्ठ, तीच कंपनी, तोच अपमान, आणि तुमच्या हातातला शब्द गेला.

म्हणून हा लढा आता सिअ‍ॅटलचा नाही, वॉशिंग्टन राज्याचा आहे. (देशाची राजधानी असलेले वॉशिंग्टन वेगळे, हे नव्या वाचकांसाठी. आपण पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्याबद्दल बोलतो आहोत. त्याची राजधानी ऑलिंपिया, सिअ‍ॅटलपासून साधारण शंभर किलोमीटर दक्षिणेला.) या राज्याचा भेदभावविरोधी कायदा १९४९ पासूनचा आहे. त्यात वंश, वर्ण, धर्मश्रद्धा, मूळ राष्ट्र, लिंग असे आधार वाढत गेले. जात हा शब्द त्या यादीत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. सिअ‍ॅटल शहर दरवर्षी एक कागद तयार करते, 'स्टेट लेजिस्लेटिव्ह अजेंडा'. राज्याच्या विधिमंडळाकडून शहराला काय हवे आणि काय नको, याचा तो अग्रक्रम. महापौरांच्या हाताखाली आंतरशासकीय संबंधांचे एक कार्यालयच त्यासाठी आहे. त्याची माणसे अधिवेशनभर ऑलिंपियात असतात, आमदारांना भेटतात, विधेयकांच्या सुनावणीत शहराची बाजू मांडतात. लॉबिंग हा शब्द आपल्या कानांना दलालीसारखा लागतो. तिथे ते उघड आणि नोंद करून होणारे काम आहे, आणि ते फक्त कंपन्या करत नाहीत, महापालिकाही करते.

शहराला राज्यापुढे असे का जावे लागते? कारण अमेरिकेत शहर हे राज्याचे लेकरू आहे. आयोवाचे न्यायमूर्ती डिलन यांनी १८६८ साली सांगितले की, नगरपालिकेला राज्याने दिले तेवढेच अधिकार. पुढे अनेक राज्यांनी मोठ्या शहरांना आपली सनद लिहिण्याची मुभा दिली, सिअ‍ॅटललाही ती आहे, पण वरचा हात राज्याचाच राहिला. आपल्याला हे नवे नाही. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर उभी आहे आणि तिचा ठराव मंत्रालयात जाऊन कसा धूळ खातो हे आपण जाणतो. सिअ‍ॅटलने २०१७ साली श्रीमंतांवर आयकर लावायचा प्रयत्न केला, तो न्यायालयात टिकला नाही. बंदुकांबाबत शहराने स्वतःचे नियम करू नयेत, असे राज्याचा कायदा सांगतो. घरभाड्यावर शहरांनी मर्यादा घालू नये, ही बंदी १९८१ पासूनची. भाडेवाढीला शेवटी मर्यादा आली ती २०२५ मध्ये, आणि ती राज्यानेच घातली.

म्हणजे राज्य देऊ शकते तसे काढूनही घेऊ शकते. आपले लोक हे विसरतात. नॉर्थ कॅरोलायनात शार्लट शहराने फेब्रुवारी २०१६ मध्ये समलिंगी आणि पारलिंगी लोकांना संरक्षण देणारा नियम केला. महिनाभरात राज्याच्या विधिमंडळाने एका दिवसात कायदा करून तो रद्द केला आणि शहरांनी असले नियम करण्यालाच आळा घातला. सिअ‍ॅटलच्या कायद्यावर उद्या असे होईल, असे आम्ही म्हणत नाही, तिथले आजचे बहुमत वेगळे आहे. पण बहुमतावर विसंबून चळवळी चालत नसतात. हा कायदा आणणाऱ्या क्षमा सावंत २०२३ च्या अखेरीस कौन्सिलमधून बाहेर पडल्या, त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. कायदा आहे, पण त्याच्यासाठी भांडणारी खुर्ची रिकामी झाली. व्यक्ती गेली की विषय मागे पडू नये, यासाठीच अग्रक्रमाचा कागद लागतो.

शहरातला हक्क राज्यभर जायला किती वर्षे लागतात? सिअ‍ॅटलचेच दोन दाखले पाहा. लैंगिक कलामुळे नोकरीत भेदभाव करू नये, हा नियम शहराने १९७३ साली केला. राज्याने केला २००६ साली. मध्ये ३३ वर्षे. विधेयके येत राहिली आणि पडत राहिली. २००५ मध्ये ते सिनेटमध्ये एका मताने पडले आणि पुढच्या वर्षी मंजूर झाले. दुसरा दाखला पगारी आजारी रजेचा. शहराचा कायदा २०११ चा, आणि २०१६ मध्ये राज्यभरच्या मतदारांनी थेट मतदानाने तो मान्य केला. पाच वर्षांत काम झाले.

मग आपणही थेट जनमताचा रस्ता का धरू नये, असे काही तरुण विचारतात. आमचे मत स्पष्ट आहे: धरू नये. आजारी रजा सगळ्यांना हवी असते. जातीचा त्रास मूठभरांना होतो आणि बाकीच्यांना तो शब्दच माहीत नसतो. याच सिअ‍ॅटलमध्ये मार्च १९६४ मध्ये कृष्णवर्णीयांना कुठेही घर घेता यावे, भाड्याने मिळावे, या नियमावर जनमत झाले. उदारमतवादी म्हणवणाऱ्या शहराने तो दोनास एक अशा फरकाने नाकारला. एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही दिवसांत, कौन्सिलने तो एकमताने मंजूर केला. तो मांडणारे सॅम स्मिथ हे कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य, आणि त्याआधी ते राज्याच्या विधिमंडळात होते. अल्पसंख्याकाचा हक्क बहुसंख्याकाच्या मतपेटीत टाकू नये, हे आम्हांला बाबासाहेबांनी शिकवले. त्याची साक्ष तिथल्या इतिहासातही सापडते.

रस्ता विधिमंडळाचाच आहे, पण तिथेही काटे आहेत. कॅलिफोर्नियात आयशा वहाब यांचे विधेयक २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने मंजूर झाले आणि ७ ऑक्टोबरला राज्यपाल न्यूसम यांनी ते नामंजूर केले. कारण दिले की जातिभेद आजच्या कायद्यातही बसतो, वेगळ्या कायद्याची गरज नाही. तिथलेच फ्रेस्नो शहर नऊच दिवस आधी आपला जातिविरोधी कायदा करून मोकळे झाले होते. राज्याचे दार बंद झाले, शहराचे उघडे राहिले.

'आधीच बसतो' हा युक्तिवाद नीट तपासावा लागेल, कारण ऑलिंपियातही तोच येणार. जर बसतच असेल, तर तो शब्द लिहू नये म्हणून इतकी ताकद, इतका पैसा, इतकी पत्रे का खर्च होतात? सिस्कोविरुद्ध कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली दावा केला, तेव्हा जात कशात बसवायची, वंशपरंपरेत की धर्मात, हेच आधी सिद्ध करायची वेळ आली. तक्रारदार दलित अभियंता आपला अपमान सिद्ध करणार की आपल्या अपमानाची व्याख्या? कायद्यात शब्द असला की निदान दुसरे ओझे उतरते. दुसरा आक्षेप असा की, यामुळे एका धर्माकडे बोट दाखवले जाते. सिअ‍ॅटलच्या कायद्यात कुठल्याही धर्माला लक्ष्य केलेले नाही. जात दक्षिण आशियातल्या ख्रिश्चनांत, मुसलमानांत, शिखांतही आहे. तिचा उल्लेख होताच कुणाला आपल्या धर्माचा उल्लेख झाल्यासारखे वाटत असेल, तर ती त्यांनी स्वतःच दिलेली कबुली आहे.

आपल्यातही एक आक्षेप आहे: सरकारी कागदात एक ओळ घालून घेणे ही काय चळवळ झाली? त्यांनी महाडचा क्रम आठवावा. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, कागदावर. जी नगरपालिका ठराव पाळणार नाही तिचे अनुदान रोखावे, ही मागणी घेऊन बोले १९२६ मध्ये पुन्हा उभे राहिले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, तेव्हा ते त्याच कौन्सिलचे सदस्य होते. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला मार्च १९३७ उजाडले. दरम्यान १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयकही मांडले. रस्ता, कौन्सिल, न्यायालय हे तिन्ही एकाच वेळी चालू होते. महाडला राज्याने हक्क दिला आणि गावाने अडवला. सिअ‍ॅटलला गावाने दिला आहे आणि राज्याची दारे अजून ठोठावायची आहेत. मधला कागद दोन्हीकडे महत्त्वाचा.

तिथे असलेल्या आपल्या मुला-मुलींची अडचण आम्हांला कळते. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मताचा अधिकार नाही. अशा माणसाला 'पुढे ये, नाव सांग' म्हणणे इथे बसून सोपे आहे. पण कौन्सिलपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. राज्याच्या विधेयकावर साक्ष दुरूनही देता येते आणि लेखीही. ज्यांना ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व मिळाले आहे, दोन-दोन घरे झाली आहेत, मुले तिथल्या कॉलेजांत आहेत, त्यांनी मात्र आता मागच्या बाकावर बसू नये. नाव उघड करण्याची जोखीम त्यांनी घ्यावी. व्हिसावरच्या पोराने पुरावे जमवावेत, मसुदा लिहावा, आमदारांची यादी करावी.

यादी लहान नाही, पण आवाक्यातली आहे. राज्यात ४९ मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी. बेलव्ह्यू-रेडमंडच्या मतदारसंघांपासून सुरुवात करावी, कारण ज्यांच्या मतदारांना सिअ‍ॅटलचा कायदा पोचत नाही ते तेच. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते. विषम वर्षी १०५ दिवस आणि सम वर्षी ६०. विषम वर्षी मांडलेले विधेयक पुढच्या वर्षीही जिवंत राहते, म्हणून सुरुवात विषम वर्षी करणे शहाणपणाचे. अजेंड्याचा कागद मात्र त्याआधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर, शहराच्या अंदाजपत्रकाच्या गडबडीत ठरतो. तेव्हा आपली माणसे कौन्सिलच्या सभागृहात हवीत. मागणी एका ओळीची आहे: राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातल्या आधारांत 'जात' हा शब्द जोडण्याला सिअ‍ॅटल शहराचा पाठिंबा आहे, आणि शहराने केलेले नागरी हक्कांचे नियम काढून घेणाऱ्या कुठल्याही विधेयकाला विरोध आहे. ही ओळ त्या वर्षीच्या कागदात आहे की नाही, हे दरवर्षी बघायचे. नसेल तर कुठल्या सदस्याने ती गाळली, हे नावानिशी विचारायचे.